फोटोखालची खुर्ची

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू आणि दाजी खुशाल असाल. आम्ही इकडे आपापल्या जागी आहोत.

“पुन्हा ती वेळ आली, तर तू ते पोटाचं ऑपरेशन परत करशील का?” असं तू विचारलंस. रोज उत्तर लिहायला बसते आणि उठते. ताई, मला उत्तर येत नाही.

हसू नकोस. याच उत्तराचा मला पगार मिळतो, हे मलाही ठाऊक आहे. वजन उतरवायच्या ऑपरेशनसाठी नवा पेशंट क्लिनिकमध्ये आला की त्याला आधी माझ्यासमोर बसवत. तो हवापाण्याच्या गप्पा मारायचा, डॉक्टर स्वभावाने कसे आहेत ते विचारायचा, आणि आढेवेढे घेत शेवटी याच प्रश्नावर यायचा. मग मी म्हणायची, “एका पायावर!” तो हसायचा, मी हसायची, आणि तो हलक्या मनाने आत जायचा. तुलाही तेवढंच लिहून मोकळी झाले असते. पण तू तिकडे ऑपरेशनची वेळ घेऊन बसली आहेस, माझा बारीक झालेला फोटो फ्रिजवर चिकटवला आहेस, आणि तू माझी बहीण आहेस. तुला दोन्ही पाय टेकून उत्तर द्यायला हवं.

हे फोनवर का नाही, असं म्हणशील. फोन केला की तू ‘कॅमेरा लाव’ म्हणतेस आणि मी ‘नेट नाही’ म्हणते. नेट उत्तम आहे. त्याविषयी पुढे लिहिते, आधी घरचं ऐक.

बाबांनी टायरच्या दुकानात हवा भरायचं नवीन यंत्र घेतलं. हवा पुरेशी झाली की ते शिट्टी मारतं. बाबांना वाटतं ते आपल्यावर हुकूम सोडतंय, म्हणून शिट्टी व्हायच्या आत ते नळी ओढून काढतात. “इतकी वर्षं माझ्या अंगठ्याला कळतंय, हा कोण मला शिकवणारा?” आईकडे शाळांच्या गणवेशांचं काम आलंय. खुर्चीवर बाह्या, पलंगावर कॉलर, खिडकीत खिसे. परवा बाबांच्या ताटात बटण निघालं. त्यांनी ते चघळून बघितलं आणि मगच बाजूला ठेवलं. माझी पदवी अजून शिलाई मशीनच्या वर टांगलेली आहे. नुसती चेन बदलायला आलेल्या गिऱ्हाइकालाही आई ती वाचायला लावते. “आमच्या घरातली पहिली,” म्हणते. गिऱ्हाईक बिचारं पॅन्ट हातात धरून पदवी वाचतं.

मीही बरी आहे. क्लिनिकमध्ये आता खाली बसत नाही, वरच्या मजल्यावर बसते. फोनवर बोलायचं काम असतं.

म्हणजे परवापर्यंत बसत होते. थांब, नीट क्रमाने लिहिते, नाहीतर तू दाजींना विचारत बसशील की ही म्हणतेय काय.

क्लिनिकच्या पुढच्या खोलीत माझा फोटो आहे, हे तुला माहीत आहे. दरवाजाएवढा. डावीकडे मी, कॉलेज सोडून घरी बसले होते तेव्हाची, काळ्या झग्यात, मान खाली. उजवीकडे मी, निळ्या शर्टात, कमरेवर हात. मध्ये लाल बाण. त्या फोटोच्या बरोबर खाली माझी खुर्ची. लोक माझ्याशी बोलताना एकदा माझ्याकडे आणि दोनदा वर बघत. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू? आयुष्यभर लोकांनी बघू नये म्हणून कोपरे शोधलेली मी, एकदम भिंतीवर गेले होते.

तिथे बसून मी सगळ्यांना एक सल्ला द्यायची: “वजनकाट्याच्या नादी रोज लागू नका. कपडे बघा. कपडे खोटं बोलत नाहीत.” स्वतःही तेच पाळायची. वार्षिक तपासणीला रक्त देऊन यायची आणि ‘काट्याजवळ गर्दी आहे’ म्हणून पुढे सटकायची. तिथलीच माणूस, मला कोण अडवणार? कपडे तर व्यवस्थित बसत होते. पांढरा कोट, पॅन्ट, तो निळा शर्टसुद्धा. आईच शिवते सगळे, तुला ठाऊक आहे.

काही महिन्यांपूर्वी एक बाई आल्या. शहरातली बस चालवतात. पन्नाशीच्या, दणदणीत आवाजाच्या. सगळं मोकळेपणाने बोलल्या, पण काट्यावर चढायला काही तयार होईनात. “बसचा ब्रेक निकामी झाला तरी मी घाबरायची नाही,” म्हणाल्या, “पण हे यंत्र नको.”

मी म्हटलं, “त्यात काय एवढं! बघा, आधी मी चढते.” आणि बूट काढून चढले.

आकडा पळाला, रेंगाळला, थांबला. मी खाली उतरले आणि पुन्हा चढले. तोच. कॉलेजात दाखल झाले त्या वर्षाच्या आसपासचा. ऑपरेशननंतर जेवढं गेलं होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त परत आलं होतं.

बाई वाकून बघत होत्या. त्यांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्या दणदणीत आवाजाच्या बाईंनी अगदी हळू विचारलं, “काटा बिघडलाय का हो?”

“हो, वाटतं,” मी म्हटलं.

त्यांनी पर्स उचलली आणि काट्यावर न चढताच निघून गेल्या.

तर हे असं आहे, ताई. म्हणून कॅमेरा बंद. तुझ्या फ्रिजवरची मी आणि हे पत्र लिहिणारी मी शेजारी उभ्या राहिलो, तर लोक मावशी-भाची समजतील.

त्या संध्याकाळी घरी आले, कोट काढला आणि उलटा केला. काखेतून कमरेपर्यंत जुन्या टाक्यांच्या भोकांची एक रांग. तिच्या बाहेर दुसरी रांग. त्याच्याही बाहेर, कापडाच्या पार काठाला टेकलेली, आत्ताची शिवण. पॅन्ट उलटी केली, तिथेही तेच. आई मशीनवर होती. मी कोट तिच्या पुढ्यात ठेवला.

“हे काय आहे?”

तिने मशीन थांबवलं नाही. “शिवण आहे. दिसत नाही?”

“कधीपासून सैल करतेयस?”

“इस्त्रीला घेते तेव्हा. तू झोपायची वाट बघून रात्री चोरून नाही करत मी. सुट्टीच्या दिवशी दुपारी करते.”

“आणि मला सांगायचं नाही?”

आता तिने पाय उचलला. “काय सांगू? तू आरशासमोर शीळ घालत होतीस. मी कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेऊ?”

“आई, मी लोकांना सांगते की कपडे खोटं बोलत नाहीत!”

“कपडे शिवणारीचं ऐकतात,” आई म्हणाली. “ते कशाला बोलतात?”

मी त्या दिवशी खूप ओरडले. तिच्या मायेने माझी फसवणूक केली, माझ्या शिक्षणाचा पोपट केला, असं काय काय बोलले. ती शांतपणे गणवेशाच्या बाह्या जोडत राहिली. आणि बोलता बोलता माझंच मला ऐकू यायला लागलं. कारण मला माहीत होतं, ताई. जिना चढताना माहीत होतं. बुटाची नाडी बांधताना माहीत होतं. भूक परत आली होती. ऑपरेशननंतर पहिली दोन वर्षं ती परगावी गेल्यासारखी होती, पत्र नाही की निरोप नाही. मग एक दिवस सामानसुमान घेऊन आली आणि आपल्या जुन्या खोलीत राहायला लागली. मी गुडघ्यांचं ऐकलं नाही, कारण कपडे माझ्या बाजूने साक्ष देत होते. आईने मला फसवलं असेल तर मी तिला दार उघडून दिलं होतं.

तू आता विचारशील, “पण तू खाल्लंस काय?” सगळे हेच विचारतात. प्रत्येकाला एक चोरी हवी असते: कपाटात लपवलेली मिठाई, उशीखालची बिस्किटं, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडतो. माझ्याकडे तशी चोरी नाही. मी आहारशास्त्र शिकले आहे, किती खाते ते मला कळतं. थोडं वाढलं होतं, हालचाल थोडी कमी झाली होती, आणि शरीर तर एकदा गेलेलं परत मिळवायला टपलेलंच असतं. हे पुस्तकात लिहिलेलं आहे. परीक्षेत मी यावर उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते. पण तेच स्वतःच्या कमरेवर आलं, तेव्हा मी त्याला शास्त्र म्हटलं नाही, पाप म्हटलं. मूर्ख होते. तुला हे कबुली म्हणून लिहीत नाहीये. बातमी म्हणून वाच.

आमच्या व्यवस्थापक बाईंना आम्ही पाठीमागे ‘कडक इस्त्री’ म्हणतो. काट्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. भिंतीला कान असतात. आमच्या भिंतीला तर डोळेही आहेत, माझेच.

“तुझा आवाज किती गोड आहे गं,” त्या म्हणाल्या. “तू फोनवर बसत जा. वरच्या खोलीत. शांतता असते.”

“आणि खाली कोण?”

“खाली फोटो आहे ना.”

“मॅडम, मी शिकून लागलेय इथे. फोटोची राखणदार म्हणून नाही.”

“अगं, पदवी कोण वाचतंय? लोक तुला बघतात. येणाऱ्याला उगाच घाबरवायचं कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

वरची खोली म्हणजे सामानाची खोली. मोडक्या खुर्च्या, जुन्या पत्रकांचे गठ्ठे, आणि एक टेलिफोन. मी तिथे बसून गोड आवाजात बोलायला लागले. खरं सांगते, पहिल्यांदा बरंही वाटलं. आवाजाला वजन नसतं. फोनवर मी अजून निळ्या शर्टातच होते.

मग मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. ज्यांनी माझं ऑपरेशन केलं तेच. म्हणाले, “दुसरं ऑपरेशन करता येईल. खर्चाची काळजी करू नकोस, क्लिनिक बघेल.” कडक इस्त्री शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आणि वर्षभरात नवा फोटो काढू. हाच निळा शर्ट, असेच कमरेवर हात.” पोटात काय कापायचं ते डॉक्टर सांगत होते, आणि अंगावर काय घालायचं ते या सांगत होत्या. मी दोघांनाही हो म्हणाले. तारीख मिळाली: सोमवार, १० मार्च.

म्हणजे उद्या.

आता कळलं का, तुझ्या प्रश्नाशी माझी लेखणी का अडते? तू ‘पुन्हा करशील का’ असं जर-तरचं विचारलंस. माझ्या हातात तर तारीखच होती.

आईला आभाळ ठेंगणं झालं. “एकदा झालं तसं परत होईल. शिवणी आत घ्यायला मला काय, एक दुपार पुरे.” बाबांनी आधी हात पुसले. मग म्हणाले, “ठिगळावर ठिगळ लावून ट्यूब फुगते. पण लांबच्या रस्त्याला मी तशी देत नाही कुणाला.”

“पोरीला ट्यूब म्हणता?” आई उसळली.

“मी टायरवाला आहे. डॉक्टरी भाषेत कुठून बोलू?”

गेल्या मंगळवारी वरच्या खोलीतला फोन वाजला. मागे इंजिनाचा आवाज होता.

“ती फोटोतली मुलगी आहे का?”

मी आवाज ओळखला. “मीच बोलतेय.”

“पोरी, काटा बिघडला नव्हता ना?”

मला ‘बिघडलाच होता’ म्हणता आलं असतं. त्या कुठे बघायला येणार होत्या? “नाही,” मी म्हटलं. “काटा बरोबर होता.”

“वाटलंच. मग आता माझं ऐक. मी नवी पेशंट नव्हते. माझं हेच ऑपरेशन दुसऱ्या शहरात कधीच झालंय. सगळं वजन परत आलं. त्या डॉक्टरांना तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून तुमच्याकडे नवी बनून आले. तू काट्यावर चढलीस, मी तो आकडा बघितला, आणि सांगते तुला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. तिथेच सगळं सांगणार होते. तेवढ्यात तू म्हणालीस काटा बिघडलाय. मग मी माझी पर्स उचलली.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“परत तुला भेटायला आले होते,” त्या म्हणाल्या. “तर म्हणे ती वर बसते. विचारलं, लिफ्ट कुठंय? तर नाही. गुडघे मोडलेल्या लोकांची सल्लागार नेऊन जिन्याच्या टोकावर बसवली! हे डोकं कुणाचं गं?”

मी हसले, आणि हसता हसता रडले. त्या म्हणाल्या, “रड रड, माझा सिग्नल अजून लाल आहे.”

मग फोन ठेवला. ताई, ही बाई पोटातलं आधीचं ऑपरेशन लपवून नव्या ऑपरेशनच्या टेबलापर्यंत गेली असती. डॉक्टरांनी तपासण्यांत पकडलं असतं, असं आपण म्हणू. पण तिचा इरादा तो होता. एका भल्या, धडधाकट डोक्याच्या बाईला जिवापेक्षा लाज मोठी वाटली. आणि ती लाज ज्या भिंतीवर दरवाजाएवढी टांगली होती, तिच्यावर चेहरा माझा होता. मी शिकले ती लोकांना बरं करायला, असं मी भाषणात म्हणाले होते. घरातली पहिली पदवीधर म्हणून शाळेने बोलावलं होतं ना, तेव्हा. आई पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होती.

गुरुवारी मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. कडक इस्त्री नसताना.

“डॉक्टर, एक विचारते. मी तुमच्या भिंतीवर नसते, आणि आज सकाळी रस्त्यावरून सरळ तुमच्याकडे आले असते, हेच रिपोर्ट घेऊन, तर मला काय सांगितलं असतंत?”

त्यांनी रिपोर्ट पुन्हा उघडले. शुगर ठीक, रक्तदाब ठीक, बाकीचंही ठीक. चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नाही, ताई. माझ्यासाठी त्यांनी खूप केलंय.

“सांगितलं असतं की आता याच्यावर औषधं आहेत, ती घेऊन बघू. खाणं, चालणं नीट बसवू. थोडे महिने थांबू. मग गरज वाटली तर ऑपरेशनचं बोलू.”

“मग मला तसं का नाही सांगितलंत?”

“कारण तू…” ते अडखळले. “तू आमची आहेस.”

“तुमची, की भिंतीची?”

त्यांनी चष्मा परत घातला. आणि औषधांची चिठ्ठी लिहून दिली. ती दिली म्हणून मला त्यांचा राग येत नाही.

घरी आले आणि जेवताना सांगून टाकलं की माझं मन फिरतंय. आईने चमचा खाली ठेवला.

“म्हणजे तू अशीच राहणार?”

“कशी राहीन ते मला माहीत नाही. औषध घेईन, चालेन, उतरेल तेवढं उतरेल. उद्या तब्येतीला खरंच लागलं तर ऑपरेशनही करेन. पण फोटो खरा ठरवायला मी पोट कापून घेणार नाही.”

“लोक काय म्हणतील? इतकं करून परत आहे तिथेच!”

“आई, मी आहे तिथे नाहीये. तेव्हा मी बसून झोपायची. आडवं झालं की श्वास कोंडायचा, आठवतं? वयाच्या विसाव्या वर्षी शुगरच्या गोळ्या होत्या. कॉलेजातला तो बाक, टेबलाला जोडलेला, त्यात मी मावत नव्हते म्हणून शिक्षण सोडलं होतं. नंतर त्याच बाकावर बसून पदवी घेतली. ते गेलं का कुठे? वजन परत आलं. पदवी परत घेऊन गेलं नाही कुणी.”

आई उठून मशीनकडे गेली. बराच वेळ नुसता खडखडाट. बाबा मला डोळ्यांनी ‘गप्प बस’ म्हणत होते. मग मशीन थांबलं.

“इकडे ये. हात वर कर.”

तिने गळ्यातली टेप काढली आणि माझं माप घेतलं. इतकी वर्षं ती माझं माप नजरेनेच घेत आली. टेप लावली की मी अंग चोरते म्हणून. या वेळी लावली. छाती, कंबर, दंड. आणि प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला, गिऱ्हाइकाचा वाचते तसा, एकही न गिळता. मी पोट आत ओढलं तर पाठीत धपाटा घातला. “सोड. नीट सोड. नवा कोट घट्ट झाला तर मी उसवणार नाही आता.”

तुझ्या ऑपरेशनबद्दल. मी ‘करू नकोस’ म्हणत नाही. तुझी शुगर, तुझा श्वास, तुझे रिपोर्ट तुझे तुला माहीत. मला जे मिळालं ते तुलाही मिळावं, आणि जास्त टिकावं. फक्त फ्रिजवरचा फोटो बघून ठरवू नकोस. डॉक्टरांना पहिल्या वर्षाचं विचारू नकोस, ते सगळे कौतुकाने सांगतात. पाचव्या, सातव्या वर्षाचं विचार. भूक परत आली तर काय करायचं, कुणाकडे यायचं, ते विचार. आणि हेही विचार, की तुमचे जुने पेशंट कुठे बसतात? ते समोर दिसत नसतील, तर वरच्या मजल्यावर एकदा जाऊन ये. जिना असला तरी.

आता शेवटचं, आणि हे झालेलं आहे. तुझा सल्ला मागत नाहीये.

शुक्रवारी सकाळी मी उद्याची वेळ रद्द केली. स्वतः जाऊन, काउंटरपलीकडच्या माणसाने ‘नक्की ना?’ असं विचारलं तेव्हा ‘नक्की’ म्हणून. मग वर गेले, फोनची तार गुंडाळली, आणि माझी खुर्ची जिन्याने खाली आणली. दोनदा धाप लागली. दोनदा थांबले, तिच्यावरच बसले, आणि पुन्हा उचलली.

कडक इस्त्री धावत आल्या. समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “बरं, बस. पण मग हा फोटो काढून टाकू. उगाच शोभा नको.”

“फोटो राहू दे,” मी म्हटलं. “तीही मीच आहे. फार कष्टाने झाले होते ती.”

“आणि तू त्याच्याखाली अशी बसणार?”

“अशीच. उठवायचं असेल तर लेखी द्या, मॅडम. कारण लिहा: वजन वाढलं. क्लिनिकच्या कागदावर, तुमच्या सहीने.”

त्यांच्या कॉलरलासुद्धा सुरकुती पडली. लेखी अजून आलेलं नाही. येईलही. मला दुसरी नोकरी शोधावी लागली तर शोधेन. पदवी काही भिंतीवरच्या बाणाने दिलेली नाही.

काल दिवसभर मी खाली होते. सकाळी एक नवरा-बायको आले. दोघंही दमलेले. त्याने वर फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत वर. बायकोने त्याला कोपरखळी मारली. त्याने तरी विचारलंच, “या दोघींतल्या तुम्ही कोणत्या?”

“दोन्ही,” मी म्हटलं. “आणि ही समोरची तिसरी. बसा. आता काय विचारायचं ते विचारा.”

तुझी,
आहे तेवढी सगळी,
धाकटी